जानकीचा डावा पाय

दवाखान्यात किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. पावसाळ्यात आमच्या पायरीवर चिखल साठतो ना, तसेच! सकाळी धुऊन काढा, दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच. फरक इतकाच की चिखल धुवायला आमच्याकडे जानकी होती, आणि किस्से आत घेऊन येणारीही बहुतेक वेळा तीच असायची.

मी नर्स. मूळची खानापूरकडची. बदली होऊन कारवारकडच्या जोयड्यात आले तेव्हा ठरवलं होतं, एक पावसाळा काढायचा आणि परत फिरायचं. इतका पाऊस माणसाला सोसतो का? पण सोसला. केस पिकले तरी इथेच आहे. कुंभारवाड्याच्या रस्त्याला, जंगलाला टेकून आमचा छोटा दवाखाना. एक डॉक्टर, एक मी आणि झाडलोटीपासून मलमपट्टीपर्यंत सगळ्याला हात लावणारी जानकी.

माहेरी गेले की मैत्रिणी म्हणतात, "सांग गं तुझ्या जंगलातले किस्से!" मी सांगते, त्या पोट धरून हसतात. हल्ली मात्र कुठूनही सुरुवात केली तरी माझी गाडी जानकीच्या डाव्या पायापाशी येऊन थांबते. त्याला माझा इलाज नाही. तुम्हीही ऐकून घ्या.

*

डॉक्टर नवीन आले तेव्हाची गोष्ट. धारवाडकडचा तरणा पोरगा. कानडी फर्डं, मराठी मोडकंतोडकं, पण समजावून सांगायची हौस दांडगी. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात दिग्गीचा भिवाआजा खोकला घेऊन आला. डॉक्टरांनी छाती तपासली, पण डोळे त्याच्या पायांवर. गुडघ्याखाली दोन्ही पोटऱ्यांवर बोटाएवढ्या जाड, निळ्या, वेड्यावाकड्या शिरा.

"आजोबा, या शिरा कधीपासून आहेत?"

"ह्या शिरा न्हाईत डाक्टर, वेली हायत. जलमभर जंगलात ऱ्हायलो, जंगलच पायावर चढलंया!"

डॉक्टर हसले आणि लगेच कागद-पेन काढून चित्र काढायला बसले. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढायला लागतं. शिरांच्या आत बारक्या झडपा असतात, त्या रक्ताला परत खाली पडू देत नाहीत. झडपा सैल पडल्या की रक्त खालीच तुंबतं, शीर फुगते, वाकडी होते. उभ्याने काम करणाऱ्यांना होतं, बाळंतपणांनंतर बायकांना होतं, घराण्यातही असतं. याला म्हणतात व्हेरिकोज व्हेन्स. भिवाआजाने कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि परत दिला.

कोपऱ्यात फरशी पुसत बसलेली जानकी म्हणाली, "आजा, वरच्या कुणग्याचा बांध फुटला की पानी कुठं जातंय?" कुणगा म्हणजे आमच्याकडचं भाताचं लहानसं खाचर.

"खालच्या कुणग्यात."

"आनि थितं ऱ्हायलं की?"

"भात कुजतंय."

"मग! तुमच्या पायात त्येच चाललंय!"

आजाला पटलं. डॉक्टरांनीही 'कुणगा' हा शब्द त्या दिवसापासून उचलला. आजाचे पाय दुखत नव्हते, सुजत नव्हते, कातडी निरोगी होती. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, चालत राहा, बसताना पाय वर ठेवा, आणि कातडीचा रंग बदलला तर मात्र लगेच या. आजा खोकल्याचं औषध घेऊन, वेली मिरवत निघून गेला.

मग डॉक्टरांचं लक्ष जानकीकडे गेलं. आमच्याकडच्या बायका लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचतात, त्यामुळे पाय झाकलेले नसतात. जानकीच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तांबूस काळी पडली होती, कागदासारखी पातळ झाली होती, आणि त्यात करवंदाएवढा एक निळा फुगवटा होता. डॉक्टरांनी तिला उभं करून पाय पाहिला. त्यांचं हसू गेलं.

"जानकी, आजोबांचं वेगळं, तुझं वेगळं. ही शीर एक दिवस फुटेल. दुखणार पण नाही, नुसतं रक्त वाहत राहील. बेळगावला जाऊन स्कॅन करायचं आणि खराब झालेली शीर बंद करून घ्यायची. आता लेसरनेही होतं."

जानकीने फडकं पिळलं. "फुटली तर फुटली डाक्टर! मी हितंच हाय की. फरशीबी मीच पुसनार!"

आम्ही तिघंही हसलो. भिवाआजा अजून आहे, परवाच येऊन गेला, वेलींसकट.

*

स्वतःच्या पायाबद्दल अशी बेफिकीर बाई, पण दुसऱ्याच्या पायाबद्दल केवढी कडक! डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की पाय सुजलेला माणूस लोंबते पाय सोडून बसता कामा नये, पाय कशावर तरी उंच ठेवायचा. झालं! बाकावर बसलेल्या प्रत्येक बाईच्या पायाखाली जानकी काहीतरी सरकवायला लागली. आधी औषधांचे रिकामे खोके गेले, मग पाण्याची बादली पालथी झाली, मग माझी खुर्ची गेली. एके दिवशी डॉक्टर जेवून आले तर त्यांचंही स्टूल गायब! अणशीच्या एका गरोदर बाईचे पाय त्यावर ऐसपैस पसरलेले.

"जानकी, मी बसू कुठे?"

"तुमाला काय झालंय? तरनेताठे हाय, उभं ऱ्हावा!"

डॉक्टर दिवसभर उभ्याने पेशंट तपासत राहिले. संध्याकाळी पोटऱ्या चोळत म्हणाले, "जानकी, असं चाललं तर माझ्या पण शिरा फुगतील."

"मग तुमीबी बेळगावला जावा. मी येतो की सोबतीला!"

"चल, उद्याच जाऊ!" डॉक्टर टुणकन उठले. जानकीने तोंडाला पदर लावला आणि बादली घेऊन मागच्या दाराने पसार झाली.

*

मग डॉक्टरांनी तिच्यासाठी मोजे मागवले. दाबाचे मोजे, गुडघ्यापर्यंतचे, घालताना घाम काढणारे. पायाला घट्ट आवळून धरतात, त्यामुळे रक्त खाली तुंबत नाही, सूज उतरते. डॉक्टरांनी तिला नीट सांगितलं की सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच घालायचे, कारण उभं राहिलं की सूज आलीच.

"उठायच्या आदी? मग चूल कोन पेटवनार? तुमी?"

तरी नेले. आम्ही खूश. पण जानकी दवाखान्यात यायची ती उघड्याच पायांनी. विचारलं की म्हणायची, "धुवून वाळत घातल्यात." आमच्या पावसात कपडे वाळत नाहीत हे खरंच, त्यामुळे आम्हीही गप्प बसलो.

जानकीचा नवरा सोमा जंगलखात्यात रोजंदारीवर वॉचर आहे. पावसाळ्यात जंगलात फिरायचं म्हणजे जळवांशी गाठ. जळूला इथे सगळे उंबळ म्हणतात, शब्द कानडी, पण उंबळ कोणाचीच भाषा पाहत नाही. पानापानावर वळवळत असते, पायाला लागली की कळतही नाही. पोट भरलं की गळून पडते आणि रक्त मात्र बराच वेळ वाहत राहतं. ते आपोआप थांबतं. म्हणून इथे पायावर रक्ताचा ओघळ दिसला तर कोणी ओरडत नाही. 'उंबळ लागली' म्हणतात, चुना-तंबाखू चोळतात आणि कामाला लागतात.

तर एका दुपारी सोमा दवाखान्यात आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि दोन्ही पायांत ते मोजे!

"डाक्टर, मोजे लई भारी हायत! यकबी उंबळ आत शिरत न्हाई. सगळे वॉचर बगायला येत्यात. आनि थोडे जोड मिळतील का?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. मी सोमाला असं झाडलं, असं झाडलं की बाकावरची माणसं उठून व्हरांड्यात गेली. सोमा बिचारा गोंधळून गेला. त्याला वाटलं होतं, दवाखान्याने उंबळीसाठीच दिलेत. जानकी आतून आली आणि माझ्यावरच डाफरली, "वरडू नका त्येंच्यावर. मीच दिल्यात. मी फरशीवर चालनार, त्ये जंगलात चालनार. उंबळ कुनाला लागंल?"

तुम्हीच सांगा.

*

गावडे गुरुजी आमच्या भागातल्या शाळेतून रिटायर झालेले. सगळी हयात खडू हातात घेऊन उभ्याने गेली. त्यांच्या घोट्यापाशीही काळा डाग पडला, खाज सुटायला लागली. गुरुजींना वाटलं मळ साचलाय. माणूस टापटिपीचा! रोज आंघोळीला नारळाच्या काथ्याने घासायचे, तेवढ्याने भागलं नाही म्हणून दगडाने. शेवटी कातडी सोलली गेली आणि जखम झाली. ती काही भरेना. हळद झाली, झाडपाला झाला, आणि मगच आमच्याकडे आले, पाय फडक्यात गुंडाळून, मान खाली घालून.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हा मळ नव्हता. तुंबलेल्या रक्तामुळे कातडी काळी पडते. तिथे खाज येते, मग फोड, मग जखम. कातडीने रंग बदलला तेव्हाच यायला हवं होतं."

गुरुजी म्हणाले, "जन्मभर फळा पुसला, सिस्टर. वाटलं, काळं आहे तर पुसून जाईल!"

कितीतरी महिने ते मलमपट्टीला येत राहिले. पट्टी जानकी सोडायची, जखम मी धुवायची. जखमेचा वास यायचा. गुरुजी शरमेने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा त्यांची नजर जानकीच्या घोट्यावर गेली. त्यांच्या पायाची सुरुवात झाली होती तसाच डाग, तीच जागा.

"जानकी, तू माझ्या हाताखाली शिकलीस ना?"

"व्हय गुरुजी. चौथीपतुर."

"मग माझा पाय हाच धडा समज. बेळगावला जाऊन ये, बाळ."

पट्टी बांधून झाल्यावर जानकीने वर खोचलेलं लुगडं पहिल्यांदाच घोट्यापर्यंत खाली ओढून घेतलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, आता जाईल.

*

पण जाणं काही जमेना. लावणी झाल्यावर जातो म्हणाली. लावणी झाली, तर चवथ आली. गणपती बोळवल्याशिवाय कोण घर सोडतंय? मग कापणी. मग मळणी. मग लेकीचं बाळंतपण, मग शिमगा. शिमग्यानंतर सोमाला ताप. तोवर पुन्हा ढग भरून आले.

डॉक्टर वैतागून म्हणाले, "जानकी, तुझ्या कॅलेंडरमध्ये एक तरी रिकामा दिवस आहे का?"

"हाय की डाक्टर. पर त्या दिवशी गाडी न्हाई!"

तेही खोटं नव्हतं. आमच्याकडे गाडी, म्हणजे बस, येते, पण तिच्या मर्जीने. झाड पडलं तर येत नाही, ओढ्याला पूर आला तर येत नाही, आणि कधी कधी काहीच झालं नाही तरी येत नाही.

शेवटी डॉक्टरांनी स्वतः बेळगावच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, दिवस ठरवला, जायला जीप सांगितली. सोबत मी जाणार होते. जानकीने होकार दिला. एवढंच नाही, तर मला विचारून गेली की तिथे नवं लुगडं नेसून आलं तर चालेल का, का ते कापतात! मी म्हटलं, लुगडं नाही गं कापत. ती खूप हसली. घाबरली होती, हे मला तिच्या हसण्यावरूनच कळलं.

*

आता पुढचं सांगते. हे मला लावणीच्या बायकांनी सांगितलं, नंतर, एकेक करून.

आमच्याकडे लावणी पैऱ्याने होते. आज तुझ्या शेतात सगळ्या जणी, उद्या माझ्या शेतात. तू माझ्याकडे दिवस दिलास तर मी तुझ्याकडे द्यायचा. पैरा फेडला नाही असं कोणाबद्दल बोललं जात नाही, कारण कोणी तसं वागतच नाही. जानकीच्या शेताची लावणी सगळ्या बायकांनी करून दिली होती. तिचा शेवटचा पैरा वाडीतल्या येसूआजीच्या कुणग्यात राहिला होता. तो आदल्या दिवशी व्हायचा, पण पावसाने इतका जोर धरला की रोपं उपटता आली नाहीत. लावणी एक दिवस पुढे गेली, नेमकी बेळगावच्या दिवसावर.

सकाळी जीप आली. मीही तयार होते. जानकीच्या घरी गेलो तर सोमा एकटा, ड्युटीवर निघालेला. म्हणाला, "पैऱ्याला गेली. म्हनली, अक्काला सांगा, परवा जाऊ. यका दिसानं काय व्हतंय?"

जानकी मला अक्का म्हणायची. मी चरफडले. जीप परत पाठवली. दवाखान्यात येऊन डॉक्टरांसमोर तिच्या नावाने बोटं मोडली.

तिकडे बायका एका ओळीत वाकून लावणी करत होत्या. प्रत्येकीची पात, म्हणजे लावायचा पट्टा, ठरलेली असते, आणि हातातली पात संपल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. पडली तर शेजारणीला तिचीही लावावी लागते. पोटरीभर पाणी, वरून पाऊस, डोक्यावर इरली. जानकी पात अर्धी करून बांधावरची रोपांची जुडी घ्यायला वर आली तेव्हा शेजारची म्हणाली, "गे जानकी, पायावरनं रगत वाहतंय तुज्या."

जानकीने खाली न बघताच म्हटलं, "उंबळ हाय गे."

आणि परत पाण्यात उतरली. तिला दुखलं नाही. दुखतच नाही ते. चिखलाच्या पाण्यात रक्त दिसलं नाही. इथे जन्मलेली बाई, लहानपणापासून प्रत्येक पावसाळ्यात पायावरून असे ओघळ वाहिलेले. दुसरं काही तिच्या मनातही आलं नसेल. हीच जानकी दवाखान्यात रोज शंभर जणांना 'पाय वर घ्या' म्हणून ओरडायची! तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला वाटलं, ही उंबळ आहे. बस्स.

पात तिने पूर्ण केली. मग म्हणाली, थंडी वाजतीया. येसूआजीने तिला बांधावर बसवलं, झाडाला पाठ लावून, ताठ. पाय खाली कुणग्याच्या पाण्यात. अंगावर घोंगडी घातली, गरम चहा दिला. सगळं मायेने केलं. जानकीने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "आजी, झाला गे तुजा पैरा."

आजी म्हणाली, "झाला बाय, झाला. बस आता."

बायका पुढच्या कुणग्यात गेल्या. परत येऊन बघतात तर कप कलंडलेला.

टेंपोत घालून आणली तिला. मी धावले, डॉक्टर धावले. घोट्याजवळचा तो निळा फुगवटा नव्हता, तिथे टाचणीएवढं भोक होतं. एवढंसं! आडवं झोपवून, पाय वर धरून, फडक्याने दाबून ठेवलं असतं तर थांबलं असतं. आमच्या हातात करण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. डॉक्टर तरीही कितीतरी वेळ दाबत राहिले. मीच त्यांचे हात बाजूला केले.

टेंपोपासून टेबलापर्यंत फरशीवर चिखल आणि पाणी झालं होतं. पुसायला कोणी नव्हतं. मी पुसली. रडत रडत पुसली, सांगायला लाज कसली?

*

दिवसकार्य झाल्यावर सोमा दवाखान्यात आला. गावात सगळे म्हणत होते, जानकीला उंबळीनं खाल्लं. त्याच्या हातात ते मोजे होते, धुतलेले, घडी घातलेले.

"हे घ्या अक्का. मला उंबळ लागू ने म्हून तिनं दिले, आनि उंबळ तिलाच..."

"सोमा, ती उंबळ नव्हती," मी म्हटलं. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिनं मोजे घातलं असतं, तर?"

मी जन्माची फटकळ. मी त्याला खरं तेच सांगितलं, की मोज्यांनी सूज उतरते, पायाला आराम पडतो, पण फुटायला आलेली शीर मोज्यांनी बरी होत नाही, तिचा इलाज बेळगावलाच होता. त्याने मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे. मोजे टेबलावर ठेवून गेला. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडतील. मी दिले नाहीत. माझ्या कपाटात आहेत.

*

त्यानंतर डॉक्टर जानकीच्या वाडीवर गेले. येसूआजीच्या अंगणात सगळ्या बायकांना जमवलं. मी बरोबर होते. त्यांनी प्रत्येकीचे पाय पाहिले. कोणाला जडपणा, कोणाला संध्याकाळी सूज. एकीच्या घोट्यावर डाग होता, तिला तिथल्या तिथे सांगितलं, तू माझ्यासोबत चल. मग म्हणाले, "पायावर रक्त दिसलं की आधी पाण्याबाहेर या. धुऊन बघा. आडवं व्हा, पाय वर करा, फडक्याने घट्ट दाबा. उंबळ असो नाहीतर काही असो. उभं राहायचं नाही, बसायचं पण नाही. आणि पाय एकाएकी सुजला, लाल झाला, दुखायला लागला, तर त्याच दिवशी दवाखान्यात. लावणी गेली खड्ड्यात."

मग येसूआजी कोपऱ्यातून म्हणाली, "म्हंजे डाक्टर, मी तिला बसवलं, त्ये चुकलं?"

आमचे डॉक्टर प्रत्येक प्रश्नाला चित्र काढून उत्तर देणारे. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तसंच परत ठेवलं. मग म्हणाले, "आजी, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

आजी उठून आत गेली. चहा करून आणला आणि आमच्या हातात एकेक कप दिला.

*

आता शेवटचा किस्सा, यंदाच्या लावणीतला. मी लसीचा डबा घेऊन गाडीने वाडीवर निघाले होते. पाऊस धो धो. वळणावर ड्रायव्हरने ब्रेक मारला.

"सिस्टर, त्या बगा! बायका अशा काय करत्यात?"

खिडकीची काच पुसून पाहिलं. येसूआजीच्या कुणग्यात लावणी अर्धी सोडलेली. एकही बाई पाण्यात नाही. सगळ्या बांधावर गोळा झालेल्या, आणि त्यांच्या मधे कोणीतरी आडवं पडलेलं. डबा शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर दिला आणि मी तशीच चिखलातून धावत सुटले.

गावात नवी आलेली सून होती, रेश्मा. बांधावर उताणी पडलेली, तोंडावर पाऊस. तिचा पाय येसूआजीने आपल्या खांद्यावर घेतलेला. दुसरी बाई फडकं घट्ट दाबून बसलेली, बाकीच्या इरली धरून उभ्या. गाडीतले लोक खिडक्यांतून माना काढून बघत होते, पण बायकांना त्याचं काही नव्हतं.

मी फडकं काढलं, पाय धुतला. बारकीशी चिरलेली खूण, आणि बाजूच्या गवतात रक्त पिऊन फुगलेली उंबळ! माझा जीव भांड्यात पडला. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

"अगं, उंबळच आहे ही! ऊठ, काही झालेलं नाही तुला."

रेश्मा लाजेने लाल झालेली. उठायला बघत म्हणाली, "मी मगापास्नं सांगतोय यास्नी, उंबळ हाय म्हून!"

येसूआजीने पाय खांद्यावरून खाली घेतला नाही. उलट दोन्ही हातांनी आणखी वर धरला.

"जानकीबी ह्येच म्हनली व्हती," ती म्हणाली. "ऱ्हा पडून."